आत्या, वायफाय आणि टाचणी

आमच्या नात्यागोत्यात मी ‘कॉम्प्युटरमधली’ म्हणून ओळखली जाते. खरं तर मी हिशेब तपासते. फार वर्षांपूर्वी कोणाच्या तरी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढला, तेवढ्या भांडवलावर ही पदवी मिळाली आणि ती आता परत करता येत नाही.

गेल्या महिन्यात आत्याचा फोन आला. आतेभावाने स्वतःचा जुना लॅपटॉप तिच्यासाठी ठेवला होता आणि “घरच्या वायफायला जोड, की झालं” एवढं सांगून तो निघून गेला होता.

“जोड म्हणजे कशाने गं? वायर तर एकच आहे, चार्जिंगची.”

आत्याची नोकरीची सगळी वर्षं ग्रंथालयात गेली. तिला ‘हे दाब, मग ते दाब’ असं सांगून भागत नाही. याला म्हणतात काय, ते राहतं कुठे आणि त्याच्या शेजारी काय असतं, हे तिला आधी कळावं लागतं. मग ते वहीत उतरतं, तारखेसकट. त्यामुळे दोन मिनिटांच्या कामाला संध्याकाळ लागली, असं मी सुरुवातीला सगळ्यांना सांगत होते. पण संध्याकाळ लागली ती माझ्यामुळे.

मी म्हटलं, व्हिडिओ कॉल कर, म्हणजे मला स्क्रीन दिसेल. तिने मोबाइल पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवला. मला तिचं कपाळ आणि छताचा पंखा दिसत राहिला.

“स्क्रीनवर उजवीकडे, अगदी खाली कोपऱ्यात, घड्याळ दिसतंय?”

“दिसतंय. पण यातली तारीख चुकलीय.”

“असू दे, ते नंतर बघू. घड्याळाच्या डावीकडे वायफायचं चिन्ह असेल.”

“कसं असतं ते?”

रोज शंभरदा डोळ्यांखालून जाणारी गोष्ट, पण वर्णन करायला गेले तर शब्द सापडेना. खाली ठिपका, त्यावर एकावर एक कमानी. “मोराने पिसारा फुलवलाय असं समज.”

“पिसारा नाही. इथे विमान आहे.”

विमान म्हणजे एअरप्लेन मोड. तो चालू असला की लॅपटॉपचा रेडिओ गप्प बसतो, मग घरात कितीही जोरदार वायफाय असो. वायफाय म्हणजे शेवटी रेडिओच, दोन्ही बाजूंनी बोलणारा. तिने सकाळी लॅपटॉप चालू ठेवूनच त्याची धूळ पुसली होती आणि वरच्या ओळीतल्या विमानाच्या कळीवरून फडकं फिरलं होतं. ही कळ काही लॅपटॉपवर एकटी चालते, काहींवर तिच्या जोडीला खालची एफएनची कळ धरावी लागते. जुन्या काही लॅपटॉपना तर कडेला सरकवायचं बारीकसं बटण असायचं आणि पिशवीत आतबाहेर करताना ते सरकायचं. म्हणून ‘माझ्याकडे वायफाय दिसतच नाही’ असं कोणी म्हणालं, तर बाकी काहीही विचारण्याआधी विमान शोधावं.

विमान उतरलं. तिने चिन्हावर क्लिक केलं आणि एकदम म्हणाली, “अगं बाई, ही एवढी माणसं कोण?”

यादीत नऊ-दहा नावं होती. कोणाचं आडनाव, कोणाच्या मांजराचं नाव, दोन-तीन नुसते इंग्रजी अक्षरांचे आणि आकड्यांचे गुंते.

“शेजाऱ्यांची वायफाय आहेत ती. आपलं तेवढं आपण उघडायचं.”

“त्यांचं आपल्याला दिसतं, म्हणजे आपलं त्यांना दिसतं?”

प्रश्न अगदी नेमका होता. दिसतं. घरातली ती डबी, म्हणजे राउटर, सेकंदाला साधारण दहा वेळा स्वतःच्या नावाची दवंडी पिटत असते आणि भिंती ओलांडून ती जिथवर पोचेल तिथवर सगळ्यांना ऐकू जाते. नाव ऐकू आलं म्हणजे दार उघडलं असं नाही, त्याला पासवर्ड लागतो. नाव लपवायची सोयही राउटरमध्ये असते. मी ती कधी वापरत नाही. माहीतगाराला नाव सापडतंच, आणि पाहुण्यांना जोडून देताना आपल्यालाच नाव हाताने टंकावं लागतं.

मग तिने वायफायचं पूर्ण रूप विचारलं, कारण वहीत कंसात लिहायचं होतं. पूर्ण रूप नाहीये. ‘वायरलेस फिडेलिटी’ असं सर्रास सांगतात, पण १९९९ साली ठरवलेलं ते नुसतं व्यापारी नाव आहे, जिभेवर सोपं बसावं म्हणून. मूळ तांत्रिक मानक १९९७ चं, क्रमांक ८०२.११. तेव्हा त्याचा जास्तीत जास्त वेग सेकंदाला २ मेगाबिट होता.

“आठशे दोन पॉइंट अकरा? हा तर साहित्याचा वर्ग झाला.”

ग्रंथालयातल्या ड्यूई वर्गीकरणात ८०० पासून साहित्य सुरू होतं. त्या दिवशी आत्या पहिल्यांदा खूश झाली ती तेव्हा.

यादीत तिच्या आडनावाची दोन वायफाय होती. एक साधं, दुसऱ्याच्या शेवटी ५जी. मोबाइलच्या ५जीशी याचा काही संबंध नाही. मोबाइलमधला जी म्हणजे जनरेशन, पिढी. इथला जी म्हणजे गिगाहर्ट्झ, रेडिओलहरींच्या वारंवारतेचं माप. राउटर एकच, पण तो दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण १२ सेंटिमीटर लांबीची. ती भिंतींमधून त्यातल्या त्यात बरी पार होते, पण त्या पट्ट्यात गर्दी फार, आणि चालू मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच कुरकुर करतो. ५ गिगाहर्ट्झची लहर त्याच्या निम्म्याहून लहान. वेग जास्त, दम कमी. डबी बाहेरच्या खोलीत आणि आत्याची टेबल-खुर्ची दोन भिंतींपलीकडे, म्हणून मी साधं नाव निवडायला सांगितलं. खूप जुन्या लॅपटॉपना तर ५ वालं नाव दिसतच नाही, त्यांच्या रेडिओला तो पट्टाच माहीत नसतो. ते बिघडलेले नसतात.

“‘आपोआप जोडा’ असं काहीतरी आहे, त्यापुढे चौकट.”

“त्यात खूण कर, म्हणजे रोज हे करायला नको. मग कनेक्ट.”

आता पासवर्ड. तो राउटरच्या पोटाला चिकटवलेल्या कागदावर असतो, ही माझी ठाम समजूत. आत्या भिंग घेऊन बाहेरच्या खोलीत गेली आणि कागदावर उतरवून आणलं. इथे मात्र मी शहाणपणा केला, तिला एकेक अक्षर मोठ्याने वाचायला लावलं. या कागदांवर शून्य आणि ओ जुळी भावंडं असतात, लहान एल आणि एक हा आकडाही. शिवाय मोठं अक्षर आणि लहान अक्षर ही पासवर्डला दोन वेगळी अक्षरं. आत्या मोठ्या बी-ला ‘थोरली बी’ म्हणाली, तेही मला पटलं. टाइप करताना तारे उमटतात, आपण काय लिहिलं ते कळत नाही. त्या रकान्याच्या उजव्या टोकाला एक डोळा असतो, तो दाबून धरला की अक्षरं दिसतात. हा डोळा माहीत नसल्यामुळे लोक एकच चूक पाच-पाच वेळा करत बसतात.

आत्याने अक्षरन्‌अक्षर बरोबर टाइप केलं होतं. तरीही जोडेना.

दोनदा, तीनदा. शेवटी तिला आठवलं, की डबी बसवायला आलेल्या मुलाने तेव्हाच नाव बदलून आडनाव ठेवलं होतं. म्हणजे पासवर्डही बदलला असणार. तो त्याने स्वतःच तिच्या मोबाइलमध्ये घातला आणि कोणाला न सांगता निघून गेला. पोटावरचा कागद हा जन्मदाखला असतो. मधल्या काळात नाव बदललं असेल तर त्याचा उपयोग नाही.

इथे थांबून विचार करायला हवा होता. तो बदललेला पासवर्ड तिच्या हातातल्या मोबाइलमध्ये होता की! अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नावावर बोट ठेवून ‘शेअर’ केलं की क्यूआर कोड येतो आणि बऱ्याच फोनवर त्याच्याखाली पासवर्ड सरळ लिहिलेला असतो. आयफोनमध्ये पासवर्ड बघायची सोय २०२२ च्या आयओएस १६ पासून आहे. बघून टाइप केला असता, संपलं असतं. हे मला सुचलं दुसऱ्या दिवशी, दात घासताना.

त्या क्षणी मी काय केलं? कल्पना संपल्या की मी नेहमी जे करते ते. म्हटलं, “आत्या, ती डबी एकदा रिसेट कर.”

मला म्हणायचं होतं बंद करून चालू कर. आम्ही ऑफिसात दिवसभर हा शब्द असाच ढिला वापरतो. आत्या शब्द ढिले वापरत नाही. ती डबीपाशी गेली, मोबाइल या वेळी मला दिसेलसा नीट धरून. डबीच्या मागे एका बारीक भोकाशेजारी ‘रिसेट’ असं छापलेलं होतं. तिने ते वाचलं. भोकात बोट जात नाही हे पाहिलं. दरवाजामागच्या दिनदर्शिकेची टाचणी काढली. मी “अगं नको नको” म्हणेपर्यंत तिने ती भोकात घालून सावकाश दहा अंक मोजले, कारण अशी बटणं दाबून धरायची असतात हे तिने कुठेतरी वाचलं होतं.

डबीवरचे सगळे दिवे एकदम लागले आणि विझले. कॉल वायफायवर चालला होता, तो गोठला. माझ्या स्क्रीनवर आत्याचं शेवटचं चित्र राहिलं: हातात टाचणी, चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचं समाधान.

रीस्टार्ट म्हणजे झोपवून उठवणं. रिसेट म्हणजे पुनर्जन्म, मागचं काहीही आठवत नाही. नाव गेलं, पासवर्ड गेला, आणि याहून महत्त्वाचं असं एक काहीतरी गेलं, ते पुढे येतं.

पाच मिनिटांनी तिचा साधा फोन आला. “दिवे परत लागलेत. पण माझं आडनाव यादीतून गेलं.”

“आता त्या पोटावरच्या कागदावरचं नाव आलं असेल बघ. त्याला तोच कागदावरचा पासवर्ड घाल.”

जन्मदाखला पुन्हा खरा झाला होता. लॅपटॉप पहिल्या फटक्यात जोडला गेला. विंडोजने विचारलं, हा कॉम्प्युटर या नेटवर्कवर इतरांना दिसू द्यायचा का. “कोणाला दिसायचंय मला?” असं म्हणून तिने ‘नाही’ दाबलं. तेही चालतं, इंटरनेटला त्याने काही अडत नाही. घरात वायफायवरचा प्रिंटर किंवा आपसात फाइली देणंघेणं असेल तर ‘हो’ म्हणावं. हॉटेलात, प्रवासात कायम ‘नाही’.

“पिसारा आला?”

“नाही गं. पृथ्वी आली. गोल, जाळीजाळीची.”

ती पृथ्वी म्हणजे विंडोजचं ‘जोडलंय, पण इंटरनेट नाही’. मला आता राउटरशी चाललेलं सगळं प्रकरण तिला समजावणं भाग होतं, आणि खरं सांगायचं तर मी ते आयुष्यात पहिल्यांदाच नीट मांडत होते. घरात दोन वेगळे रस्ते असतात. लॅपटॉप ते डबी हा पहिला. त्याचंच नाव वायफाय. डबी ते बाहेरचं जग हा दुसरा, तो भिंतीतून आलेल्या वायरीवरून जातो. पहिला ठणठणीत असून दुसरा बंद असू शकतो, आणि पिसारा पूर्ण फुललेला असूनही एक पान उघडत नाही. आपण सगळ्यालाच ‘वायफाय गेलं’ म्हणतो आणि मग चुकीच्या टोकाला दुरुस्ती करत बसतो. मीही तेच करत आले होते.

आत्या क्षणभर गप्प. मग म्हणाली, “म्हणजे शाखा उघडी आहे, पण मध्यवर्ती ग्रंथालयातून पेटी आलेली नाही.”

एवढं चांगलं मला सुचलं नसतं.

“दिवे वाच.” पॉवर लागलेला, पॉन म्हणजे फायबरच्या जोडणीचा दिवा स्थिर हिरवा, एलओएस विझलेला. फायबरच्या डबीवर एलओएस लाल झाला तर काचेच्या तारेतून प्रकाशच येत नाही असा अर्थ, मग घरात बसून काही करता येत नाही, माणूस बोलवावा लागतो. इथे तो विझलेला होता, म्हणजे तार शाबूत. इंटरनेट लिहिलेला दिवा मात्र बंद. कारण टाचणीने जी महत्त्वाची गोष्ट पुसली ती हीच: ही डबी कोणत्या ग्राहकाची आहे हे पलीकडे सांगणारं नाव आणि त्याचा पासवर्ड. वायफायच्या पासवर्डशी याचा संबंध नाही. पहिल्या रस्त्याची किल्ली वेगळी, दुसऱ्याची वेगळी.

सगळ्या कंपन्यांच्या डब्यांना हे लागत नाही, पण हिच्या डबीला लागत होतं. आत्याने फाइल काढली. अर्थातच फाइल होती. जोडणीच्या कागदावर ग्राहकाचं नाव होतं, पासवर्ड नव्हता. तो मदत क्रमांकावरून मिळवायला तिने चाळीस मिनिटं एकच धून ऐकली. शेवटी एका समंजस मुलीने तो सांगितला, आत्याने तिचं नाव वहीत लिहून ठेवलं.

“आता ब्राउझर उघड आणि वर पत्त्याच्या जागी लिही: १९२ टिंब १६८ टिंब १ टिंब १. आकडे इंग्रजी.”

“इंटरनेट नाही म्हणालीस ना? मग ब्राउझर काय उघडणार?”

“उघड तर.”

उघडलं. डबीचं स्वतःचं पान समोर आलं. इंटरनेट पूर्ण बंद असताना ब्राउझरमध्ये एक पान झळकलं, ही त्या संध्याकाळची सगळ्यात सुंदर गोष्ट. पहिल्या रस्त्याने लॅपटॉप डबीपर्यंत जाऊन आला होता. १९२.१६८ ने सुरू होणारे क्रमांक जगभर अशा खासगी, चार भिंतींतल्या जाळ्यांसाठी राखलेले आहेत. लाखो घरांत हाच पत्ता असतो आणि कुणाची कुणाशी गल्लत होत नाही, कारण तो त्या त्या घराच्या बाहेर जातच नाही. काही डब्यांचा पत्ता १९२.१६८.०.१ असतो, पोटावरच्या कागदावर लिहिलेलं असतं. आणि लॅपटॉपला स्वतःला १६९.२५४ ने सुरू होणारा क्रमांक पडलेला दिसला, तर समजायचं की डबीने त्याला क्रमांकच दिलेला नाही, त्याने आपला आपण घेतलाय. तेव्हा बिघाड पहिल्याच रस्त्यावर आहे.

नाव-पासवर्ड भरून ‘सेव्ह’ केलं. इंटरनेटचा दिवा लागला. मोबाइलही नव्याने जोडला, त्यावर बातम्या उघडल्या. लॅपटॉपवर पिसारा आला. आणि कुठलंही संकेतस्थळ उघडलं की भलामोठा इशारा: तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही.

मी पुरती खचले. दोन्ही रस्ते चालू, आता तिसरं काय?

“तारीख चुकलीय म्हणाले होते ना मी,” आत्या म्हणाली. “२०१५ चा जानेवारी आहे यात.”

लॅपटॉप बरेच महिने पडून होता. घड्याळ जिवंत ठेवणारा सेल संपला की तो कुठल्या तरी जुन्या तारखेला जागा होतो. संकेतस्थळं स्वतःची ओळख पटवतात ती प्रमाणपत्राने, आणि त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. २०१५ मध्ये बसलेल्या लॅपटॉपला आजची सगळी प्रमाणपत्रं अजून सुरूच न झालेली, म्हणून खोटी वाटत होती. वेळेच्या सेटिंगमध्ये जाऊन तारीख दुरुस्त केली, ‘वेळ आपोआप लाव’ चालू केलं, आणि पानं उघडायला लागली. हे तिने मला पहिल्या मिनिटाला सांगितलं होतं.

कागदावरचा पासवर्ड ठेवू नये, म्हणून डबीच्या त्याच पानावरून तो बदलला. तो किमान ८ अक्षरांचा लागतो आणि ६३ पर्यंत जाऊ शकतो. माझा आग्रह असा की चिन्हांची कोडी घालण्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून लांब करावा. आत्याने चार शब्द निवडले. सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ (वायफायच्या कुलपाचे जुना आणि नवा प्रकार) दोन्ही चालतील असा पर्याय होता, तोच ठेवला. डब्ल्यूपीए३ आलं २०१८ मध्ये, जुन्या लॅपटॉपला ते एकटं झेपेलच असं नाही. एखाद्या जुनाट डबीवर या दोन्हींहून जुनं डब्ल्यूईपी दिसलं तर मात्र लगेच बदला, त्याचं कुलूप २००१ सालीच फुटलंय. डबीच्या त्या पानावर शिरायचा पासवर्ड वेगळा असतो, तोही बदलून टाकला.

आडनाव काही तिने परत लावलं नाही. “मराठीत लिहिलं तर चालेल?” चालतं, बहुतेक डब्यांवर. पण नावाला जागा ३२ बाइटची, आणि देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा आणि हलन्त वेगवेगळे मोजून. म्हणजे दहा चिन्हं झाली की जागा संपली. आत्याने बोटांवर मोजलं आणि ‘शेजारधर्म’ लिहिलं. नऊ चिन्हं, सत्तावीस बाइट.

मागच्या रविवारी तिच्याकडे गेले तेव्हा डबीशेजारी जुन्या तालिकेतलं एक कार्ड उभं केलेलं दिसलं. वर क्रमांक ८०२.११. खाली तिच्या ठळक अक्षरात: विमान – पिसारा – पृथ्वी. रस्ते दोन, किल्ल्या दोन. आधी तारीख बघणे. आणि तळाला, लाल शाईत: टाचणी वापरू नये, भाचीने सांगितले तरी.